शीट हिरवी, लाइन बंद

मोठ्या कंपनीत बढती मिळून तुमच्या हाती सात-आठ खाती आली असतील, तर अभिनंदन. आता सगळ्यांना उद्दिष्टं वाटायची आहेत. घाबरू नका. चाकणच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं पीपीसीत, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या खात्यात, काढली आहेत. हे वाटप कसं होतं ते मी जवळून पाहिलंय, चटके बसतील इतक्या जवळून.

आधी मुहूर्त. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं म्हणून उद्दिष्टंही तेव्हाच द्यावीत, असा बाळबोध विचार करू नका. ऑगस्ट उत्तम. गणपतीच्या गडबडीत माणूस न वाचता ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबून मोकळा होतो. माझ्या शीटवरचं पहिलं उद्दिष्ट जूनअखेर पूर्ण करायचं होतं. मीही दाबलं.

मग थोडं परदेशी आणा. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरने १९५४ साली उद्दिष्टांचं हे शास्त्र मांडलं, त्यात हाताखालच्या माणसानेही उद्दिष्टं ठरवताना सोबत असावं असं होतं. तेवढा भाग गाळा. पुढे इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने त्याचं ओकेआर, म्हणजे उद्दिष्ट आणि ते मोजायचे ठोस निकाल, असं केलं आणि गुंतवणूकदार जॉन डोअरने ते १९९९ मध्ये गूगलला नेऊन दिलं. तिथे लक्ष्य मुद्दाम उंच ठेवतात आणि दहापैकी सात गाठले तरी पाठ थोपटतात. आपण फक्त उंची घ्यायची. सात गाठले की इन्क्रिमेंट कापायचं.

प्रत्येकाला तक्त्यावर सरळ रेघेचा, म्हणजे थेट, एक आणि ठिपक्यांच्या रेघेचे, म्हणजे आडून हुकूम सोडणारे, दोन साहेब द्या. रजेला तिघांची परवानगी लागते, आणि काही बिघडलं की तिघांपैकी एकही फोन उचलत नाही.

‘वन टीम’ छापलेले टी-शर्ट वाटा. स्वस्तातले घ्या, पहिल्या धुण्यात ‘वन’ निघून जातं.

आता मुख्य मंत्र. एका खात्याचं उद्दिष्ट दुसऱ्याला कळता कामा नये. आमच्याकडे परचेसला खर्चात चार टक्के कपात दिली होती. त्यांनी ऑइल सील, म्हणजे तेलगळती रोखणारी छोटी रिंग, जुन्या व्हेंडरकडून काढून नव्याला दिला, नगामागे दीड रुपया वाचला, उद्दिष्ट गाठलं, शीट हिरवी. स्टोअर्सला साठा बारा दिवसांवरून पाचवर आणायचा होता. आणला, हिरवी. क्वालिटीला लाइनवरचं रिजेक्शन कमी करायचं होतं, म्हणून त्यांनी नव्या व्हेंडरचा अख्खा लॉट गेटवरच अडवला. बरोबरच केलं, सील खराबच होते. पण त्यातले चांगले निवडून काढायला माणसं नाहीत, कारण कंत्राटी माणसं कमी करणं हे एचआरचं उद्दिष्ट. तेही हिरवं! आणि सेल्सने महिनाभराच्या ऑर्डरी नेहमीप्रमाणे शेवटच्या आठवड्यात आणून ओतल्या. सहामाहीअखेर होती ना.

शुक्रवारी सेकंड शिफ्टला लाइन थांबली. अडतीस रुपयांच्या सीलसाठी. आणि ‘लाइन स्टॉपेज शून्य’ हे उद्दिष्ट कुणाचं? माझं. ज्या पाच जणांनी ती थांबवली, त्यांच्या शीटवर ‘लाइन’ हा शब्दसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन मी स्वतः भोसरी एमआयडीसीत जुन्या व्हेंडरच्या दारात. त्याने चहा दिला आणि विचारलं, “साहेब, मागच्या बिलाचं काय?” मी काय सांगणार? लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या असं २००६ चा कायदा म्हणतो आणि आमच्या फायनान्सचं उद्दिष्ट नव्वद दिवसांचं आहे. तरी त्या भल्या माणसाने आठशे सील काढून दिले. काम काढून घेतलेल्या माणसाने! लाइन साडेअठरा तासांनी सुरू झाली.

सोमवारी रिव्ह्यू. पडद्यावर पाच रांगा हिरव्या, एक लाल. माझ्याकडे बघून विचारलं गेलं, “ओनरशिप कुठे आहे?”

ओनरशिप? अहो, लाज वाटत नाही का हा शब्द काढायला? नगामागचा तो दीड रुपया आणि लाइनचे ते साडेअठरा तास एकदा तरी एकाच कागदावर लिहिलेत का? त्याला सल्लागार लागत नाही, डॅशबोर्ड लागत नाही, पाठकोरा कागद पुरतो. शीट वाटण्याआधी या सगळ्यांना एका खोलीत कोंडा आणि विचारा, ‘सील संपला तर तुझं काय जातं?’ ज्याचं काहीच जात नाही, त्याची शीट फाडून नवी लिहा. एवढंच तर तुमचं काम होतं. त्याचाच पगार घेता ना तुम्ही? आठ खात्यांना आठ दिशांना पळवायचं, मग सगळे एकत्र का येत नाहीत म्हणून लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन आमच्याकडून रस्सीखेच खेळवायची, हा कसला कारभार?

अप्रेझलचं पोर्टल परवा बंद होतंय. सेल्फ रेटिंगचा रकाना मी रिकामा सोडलाय. तुम्हीच भरा.