गच्चीवरचा ‘कोको’ आणि मोठीबाईचं नाव

आधीच सांगून टाकतो, मी रडलो. म्हणजे तो विषय संपला.

असल्या सिनेमांबद्दल लिहायची आता एक पद्धतच पडून गेली आहे. किती रुमाल लागले, कोणाचं काजळ ओघळलं, शेवटच्या दहा मिनिटांत थिएटरात कसे सगळे मुसमुसत होते. जणू सिनेमा म्हणजे कांदा, आणि जितकं पाणी जास्त तितका माल चांगला. मला हे माप फार ढोबळ वाटतं. कोण नेमकं कुठे रडलं, कोण मधूनच उठून गेलं, कोणी दुसऱ्या दिवशी काय विचारलं, हे बघायला पाहिजे. थिएटरच्या अंधारात ते दिसत नाही. आमच्या गच्चीवर दिसलं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर ‘कोको’ लावला होता. सिनेमा २०१७चा, डिस्ने-पिक्सारचा ॲनिमेशनपट, अर्ध्या पोरांचा पाहून झालेला. पण परीक्षा संपल्या होत्या, कोणाच्या तरी ऑफिसातला प्रोजेक्टर दोन दिवसांसाठी घरी आला होता, आणि पोरं ऐकत नव्हती. नागपूरकरांना सांगायला नको, या दिवसांत स्लॅब रात्री नऊपर्यंत तव्यासारखा असतो. म्हणून सातला दोन पोरं पाइप घेऊन सडा मारत बसली. ओल्या सिमेंटची वाफ, त्यावर सतरंज्या, कपडे वाळवायच्या तारेला चिमटे लावून टांगलेली चौथ्या मजल्यावरची डबल बेडची चादर, आणि सगळ्यांच्या मधोमध परातीत फुटाणे-मुरमुरे.

तिसऱ्या मजल्यावरचे, वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा कंपनी) रिटायर झालेले काका खुर्ची घेऊन सगळ्यात आधी हजर. आल्या आल्या म्हणाले, “कार्टून कायले लावून राहिले बे? मॅच लावा ना.” मॅच नाही लागली. तरी काका बसले. घरी बायको सीरियल पाहून राहिली होती.

सिनेमा इंग्रजीतून होता आणि माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिच्या शेजारी दहावी दिलेली एक पोरगी बसली होती, तिने आपणहून भाषांतराचं काम घेतलं. ते भाषांतर मूळ सिनेमापेक्षा जास्त ऐकण्यासारखं होतं. मेक्सिकोतलं एक चपला-बूट शिवणारं घर, त्यात मिगेल नावाचा पोरगा, घरात गाण्याला बंदी, कारण खापरपणजोबा गाण्यापायी घर सोडून गेला तो गेलाच. हे सगळं पोरीने एका वाक्यात उरकलं: “आजी, याच्या घरी कोणीच गाऊ देत नाही त्याला.” आई म्हणाली, “आपल्याकडं कुठं देतात!”

पोरं कुठे रडली ते सांगतो. मिगेलची आजी त्याची गिटार आपटून फोडते ना, तिथे. माझा सात वर्षांचा पोरगा तिथे असा हमसून रडला की सिनेमा थांबवावा लागतो की काय असं वाटलं. त्याच्या वयाच्या आणखी दोघांची तीच गत. आणि शेवटी, जिथे आम्ही सगळे मोठे गळ्यापर्यंत आलो होतो, तिथे हीच पोरं फुटाणे खात बसलेली. माझा मला म्हणतो, “बाबा, तू का रडून राहिला? ती तर खूश झाली.”

त्याचं चुकलं नव्हतं. मिगेलची पणजी, मामा कोको (मामा म्हणजे तिकडे आई), शेवटी खूशच होते. जेफ लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना त्यांनी एका ॲनिमेशनपटाचा शेवट दाखवला, बाप लग्न झालेल्या मुलीला निरोप देतो तो, आणि मग विचारलं, काय वाटलं? आनंद आणि दुःख दोन्ही एकदम वाटल्याचं मोठ्या मुलांनी जास्त प्रमाणात सांगितलं, लहानांना ते तेवढं जमलं नाही. (आपल्याकडच्या दोन-चार पाठवण्या पाहिलेल्या पोरांना विचारलं असतं तर काय निघालं असतं, देव जाणे.) म्हणजे गिटार फुटणं हे सात वर्षांच्या मुलाचं पूर्ण, स्वच्छ दुःख आहे. पणजीच्या चेहऱ्यावर हसू येणं आणि ती आता फार दिवसांची सोबती नाही हे कळणं, हे दोन्ही एका घासात गिळायला वय लागतं. तेव्हा ‘लहान मुलांचा सिनेमा’ म्हणून पोरांना बसवून आपण मोबाइल बघत बसतो, त्यात मला तरी नेमकी उलटी गंमत दिसते.

गच्ची गप्प झाली ती मात्र शेवटी नाही, त्याच्या बरीच आधी. मिगेल मेलेल्यांच्या नगरीत जाऊन पोचतो, तिथे एक म्हातारा झोळण्यात पडलेला असतो. जिवंत जगात त्याची आठवण काढणारं कोणी उरत नाही तेव्हा तो चमकतो, विरतो आणि नाहीसा होतो. आईने विचारलं, काय झालं व? पोरगी म्हणाली, “तो परत मेला, आजी.”

“परत? मेलेला परत कसा मरते?”

“म्हणजे त्याचं नाव घेणारं कोणीच नाही राहिलं आता.”

आई काही बोलली नाही. वेकोलिवाले काका, जे तोपर्यंत सांगाडे किती बारीक काढले आहेत यावर चालू कॉमेंट्री देत होते, तेही थांबले. वारा आला, चादर हलली, पडद्यावरचा पूल हलला. जिवंतांचं आणि मेलेल्यांचं जग जोडणारा तो पूल झेंडूच्या पाकळ्यांचा आहे. झेंडू मूळचा तिकडचाच, मेक्सिकोचा. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो पाहुणा आहे हे मला स्वतःला चाळिशीनंतर कळलं. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी त्याच फुलांनी पितरांची वाट सजवतात, फोटो मांडतात, जेवण ठेवतात. आपल्याकडच्या माणसाला यात समजावून सांगावं असं काय आहे? ज्या चीनमध्ये वाडवडिलांच्या कबरी झाडून पुसून तिथे जेवण ठेवतात, तिथेही हा सिनेमा तुफान चालला, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. दिग्दर्शक ली अंकरिच यांनीच सांगितलं आहे की सुरुवातीला त्यांची गोष्ट वेगळी होती. त्यात एक अमेरिकन-मेक्सिकन मुलगा होता, आणि गेलेल्या माणसाला मनातून मोकळं करून पुढे जायला शिकणं हा तिचा शेवट होता. बऱ्याच कामानंतर लक्षात आलं की हे त्या सणाच्या बरोबर उलट आहे. सण म्हणतो सोडू नका, नाव घेत राहा. गोष्ट मोडून परत बांधली. २०१३ मध्ये डिस्नेने चक्क त्या सणाच्या नावाचा ट्रेडमार्क मागितला होता, लोक भडकले, अर्ज मागे घेतला. उद्या कोणी ‘पितृपक्ष’ हा शब्द रजिस्टर करायला निघालं तर आपल्याकडे काय होईल ते डोळ्यासमोर आणा.

असो. शेवटाकडे येतो.

मिगेल पळत घरी येतो आणि काही आठवत नसलेल्या पणजीसमोर तिच्या बापाचं, म्हणजे त्या घर सोडून गेलेल्या खापरपणजोबाचं, गाणं म्हणतो. इथपर्यंत आमची भाषांतरकार व्यवस्थित चालली होती. “आता तो तिला तिच्या बाबांचं गाणं…” आणि आवाजच फुटला. पुढचं निघेना. आईने तिच्या मांडीवर हात ठेवला. “कळलं व माय, कळलं. राहू दे आता.”

इकडे आजूबाजूला नेहमीचं सुरू झालं. एकाच्या डोळ्यात मच्छर गेलं. एकीला फोन आला, जो वाजलाच नव्हता. वेकोलिवाले काका खुर्चीवरून उठले, “मोटर बंद करून येतो,” म्हणाले आणि टाकीमागे गेले, ते नावं पडेपर्यंत आलेच नाहीत. मोटर सहालाच बंद झाली होती, मीच केली होती.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ताई उठून खाली निघून गेल्या. त्या मात्र लपवायला नाही गेल्या, रागाने गेल्या. (हे त्यांना विचारून लिहितो आहे.) दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “माझी आई तीन वर्षांपासून मला ओळखत नाही. मी रोज तिच्यासमोर तिच्या आवडीचं भजन म्हणते. ती भजन पूर्ण म्हणते हो, एक ओळ चुकत नाही. पण संपल्यावर मला विचारते, तुम्ही कोण?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. स्मृतिभ्रंशात बाकी सगळं पुसलं गेलं तरी जुनी गाणी बऱ्याचदा टिकून राहतात, हे खरं आहे. सिनेमा त्याच्या पुढचं एक पाऊल परस्पर टाकतो. गाणं आठवलं की माणूसही आठवतो, टेबलाच्या खणातून बापाच्या फाटलेल्या फोटोचा तुकडा निघतो, सगळं जुळतं. ताईंच्या घरी नाही जुळत. हा सिनेमा मला आवडतो, पण इथे तो हातचलाखी करून जातो, आणि ज्यांच्या घरात ते आजारपण आहे त्यांच्याकडून रडण्याची अपेक्षा ठेवणंही जरा जास्तच होतं. ‘ज्याला हा पाहून रडू येत नाही तो दगड’ असं कोणीतरी कुठेतरी दर वेळी लिहितंच. त्यांना एकदा आमच्या जिन्यात उभं करायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र सिनेमाने फार सभ्यपणे केली आहे. मामा कोको मरताना दाखवलीच नाही. एक वर्ष जातं आणि फोटोंमध्ये तिचाही फोटो असतो. माझ्या पोराने ते टिपलं. “ती पण गेली का?” हो म्हणालो. “बरं,” म्हणाला, आणि कुत्रा कुठे गेला ते विचारायला लागला. मला वाटलं, झालं, याच्यापुरता सिनेमा संपला.

सकाळी अक्षय तृतीया. आमचं मूळ गाव मलकापूरकडे, तिथे हिला आखाजी म्हणतात आणि हा सण पितरांचा. नवी मातीची घागर, आंब्याचा रस, पुरणपोळ्या, कुरडया, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर एकेकाच्या नावाने घास टाकायचा. वडील गेल्यापासून हे मी करतो. फ्लॅटच्या गॅलरीत, जुन्या कढईत निखारे घेऊन, शेजाऱ्यांच्या खिडक्या लावून घ्यायला सांगून. आई मागून नावं सांगते, मी घेतो. वडील. आजोबा. आजी. पणजोबा. आणि मग ती नेहमीसारखं म्हणाली, “मोठीबाई.”

माझा पोरगा गॅलरीच्या दारात रसाची वाटी घेऊन उभा होता. त्याने विचारलं, “मोठीबाई हे नाव आहे?”

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. पणजीला सगळं घर मोठीबाई म्हणायचं. आई लग्न होऊन आली तेव्हा त्या होत्या, दोन वर्षं आईने त्यांचे पाय चेपले आहेत. त्यांच्या हातच्या शेवया कशा बारीक असायच्या हे आई सांगू शकते, त्या तंबाखू कुठे लपवायच्या हेही. नाव? सासूच्या सासूला नाव विचारायची टाप होती का कोणाची!

घास टाकला, मोठीबाई म्हणूनच. पण पोरगा दारातून हलेना. “मग तिला कसं कळेल, की तिलाच बोलावून राहिले?”

दुपारी मी गावच्या चुलत काकांना फोन लावला. वय ८६, ऐकायला कमी येतं. त्यांनाही मोठीबाईच माहीत. पण आठ दिवसांनी त्यांच्या नातवाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पणजोबा गेल्यावर शेत कोणाच्या नावाने लागलं त्या जुन्या फेरफाराचा कागद, ट्रंकेच्या तळातून निघालेला. आमच्याकडच्या जुन्या कागदांत विधवेच्या नावापुढे ‘बेवा’ लिहीत. त्या कागदावर पणजोबांचं नाव ठसठशीत आहे. गट नंबर, शेतसारा, सगळं शाबूत. आणि वाळवीने जिथे बरोबर घास घेतला आहे तिथून पुढे वाचता येतं: ‘…ताबाई बेवा’.

त्या दिवसापासून घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. शांताबाई, कांताबाई, सीताबाई. पुण्याची आत्या अनसूयाताबाई म्हणते आहे, असं नाव कुठे असतं का, पण ती मोठी आहे, तिला कोण सांगणार. पोरगा रोज शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ‘ताबाई’च्या आधी नवीन अक्षरं लावून बघतो. आईने सगळी नावं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहेत, सर्वपित्रीला सगळीच घेऊ म्हणते.

काल जिन्यात वेकोलिवाल्या काकांना हे सांगितलं. त्यांनी हातातली दुधाची पिशवी खाली ठेवली, जरा विचार केला.

“पार्वताबाई लिहिलं का? ते पण लिहून ठेवा,” म्हणाले. “माझ्या आजीचं होतं.”