गॅस जातो कुठे?

सांगलीत एप्रिल महिन्यात मोटारीचा एसी बंद पडणे ही खासगी बाब राहत नाही. सगळ्या काचा खाली केलेली मोटार भर दुपारी विश्रामबागच्या चौकात उभी दिसली, की मालकावर काय प्रसंग ओढवला आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळते, आणि ज्याला कळते त्याच्याजवळ निदानही तयार असते. शेजारचे निवृत्त प्राध्यापक, आमचे दूधवाले, माझे मेहुणे आणि पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरणारा मुलगा या सर्वांनी बॉनेट न उघडताच मला सांगितले, की गॅस संपला असणार. एवढे एकमत आमच्या गावात भडंगात शेंगदाणे किती असावेत यावरही होत नाही.

वास्तविक स्वयंपाकाच्या सिलिंडरातला गॅस जळतो म्हणून संपतो. मोटारीच्या एसीतल्या गॅसवर असा कोणताही प्रसंग येत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढ्यातला कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना तो आतल्या हवेतली उष्णता उचलून निघून जातो. माझ्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे हे काम त्याला सहज जमते. तेव्हा तो कमी झाला असेल, तर तो कुठून तरी बाहेर पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. हे मी मेहुण्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘तेच म्हणतोय मी, संपलाय.’

आमच्या अण्णांचा मात्र एसी या कल्पनेलाच मूलभूत विरोध होता. काचा उघडल्या की फुकटचा वारा येतो, हे मत त्यांनी मार्केट यार्डावरून जातानाही सोडले नाही. तिथे काचा उघड्या असल्या की हळद आणि मिरची या दोन्हींच्या आवकेची बातमी थेट नाकात येते. तासगावच्या एका लग्नाला आम्ही असेच गेलो आणि मांडवात पोहोचेपर्यंत सौभाग्यवतींच्या पैठणीवर रस्त्याच्या कामाची खडी सोडून बाकी सर्व साहित्य जमा झाले होते. त्या संध्याकाळी घरातील बहुमत एसीच्या बाजूने गेले.

पहिल्या गॅरेजमध्ये वायरमनने एसीचे बटण दाबले आणि कान बॉनेटकडे नेला. एसी सुरू करताच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ असा आवाज करून पुलीला धरतो. आमच्याकडे तो आवाजच नव्हता, केवळ ब्लोअर बाहेरची ऊब इमानेइतबारे आत पाठवत होता. फ्यूज शाबूत होता आणि रिले बदलून पाहिला तरी फरक पडेना. तेव्हा त्याने उदार मनाने सांगितले, ‘प्रेशर स्विच अडवतंय साहेब, डायरेक्ट करून टाकतो की!’ आता गॅसचा दाब उतरला की कॉम्प्रेसर बंद ठेवणारा हा स्विच अडवतो तो उगाच नाही. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच नळ्यांतून फिरत असते. गॅस कमी असताना कॉम्प्रेसर फिरत राहिला, तर तेलावाचून तो आतल्या आत घासून निकामी होतो. राखणदाराने चोर आल्याची वर्दी दिली म्हणून राखणदारालाच बांधून ठेवण्याचा हा उपाय मी नम्रपणे नाकारला, तेव्हा त्याने निरुपायाने गळती न शोधताच गॅस भरून दिला. गाडी गार झाली, मेहुण्यांचा फोन आला आणि त्यांनी माझे अभिनंदन केले. काही दिवसांतच ब्लोअर पुन्हा पूर्ववत झाला. हा गॅस पृथ्वी तापवण्याच्या कामात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक समर्थ असतो, त्यामुळे त्या पावतीत माझ्या गारव्याबरोबर जगाच्या उष्णतेचाही खर्च धरलेला होता.

मिरज रस्त्यावरचा दुसरा एसीवाला वयाने कोवळा आणि बोलण्यात कंजूष होता, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याने निळ्या आणि लाल नळीचे गेज लावले, ‘हूं’ म्हटले, आत नायट्रोजनचा दाब दिला आणि साबणाचा फेस घेऊन तो जोडामागून जोड चोपडत निघाला. कंडेन्सरच्या पातळ पात्यांत उसाचे पाचट, चिलटे आणि हंगामभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे काढलेल्या प्रवासाची धूळ बसली होती. तिच्यातच खालच्या कोपऱ्यात एक तेलकट, काळा डाग होता. गॅस जाताना तेलाचा थेंब मागे ठेवून जातो आणि त्यावर धूळ चिकटते. फेस लावताच तिथे बुडबुडे उठू लागले. कुणा ट्रॉलीमागून उडालेल्या खड्याने पार पाडलेले ते काम आम्ही दोघेही काही वेळ आदराने पाहत राहिलो.

पुढचे सारे रीतसर झाले. कंडेन्सर बदलला, त्याच्यासोबत ओलावा शोषणारा ड्रायरही बदलला, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढली आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले होते तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरला. जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो, हे ऐकल्यावर अण्णांना त्या मुलाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. त्याने निघताना त्यांनाच उद्देशून सांगितले, ‘काका, थंडीतबी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवत जावा. तेल फिरतं राहतंय, सील सुकत नाहीत.’

अण्णांनी बँकेत आयुष्यभर नियम पाळले आणि पाळायला लावले. डिसेंबरात कृष्णाकाठी धुके उतरलेले असते, अशा रविवारी सकाळी ते कानटोपी आणि दोन स्वेटर घालून मोटारीत बसतात, काचा पूर्ण वर करतात, एसी शेवटच्या आकड्यावर ठेवतात आणि मांडीवर घड्याळ घेतात. आई शेजारी शालीत कुडकुडत असते. काच जराशी खाली करू का, असे तिने विचारले, की अण्णा घड्याळावरची नजर न काढता सांगतात, ‘अजून चार मिनिटे आहेत.’