दलाली घेता, मग जबाबदारी का नाही?

घराचा व्यवहार ठरेपर्यंत दिवसातून चार वेळा फोन करणारा एजंट, भोगवटा प्रमाणपत्रच (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेले नाही हे कळल्यावर नेमका कुठे गायब होतो? चटईक्षेत्र सांगितल्यापेक्षा कमी भरले तर ‘बिल्डरला विचारा’, सातबाऱ्यावर तिसऱ्याचेच नाव निघाले तर ‘वकिलाला विचारा’, आणि दोन टक्के दलाली मात्र नोंदणीच्या दिवशीच हवी!

2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, खोटी माहिती देण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी दिवसाला 10,000 रुपये, एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडही ठेवला. पण तो दंड सरकारजमा होतो. फसलेल्या कुटुंबाच्या हाती काय पडते? व्याजासह परतावा मागायचा तो विकासकाकडून, आणि जुन्या घरांच्या फेरविक्रीतील दलालांपर्यंत तर हा कायदा जवळजवळ पोहोचतच नाही.

डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर महारेरा (या कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण) नोंदणी मिळवून उभ्या राहिलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला. आयुष्यभराची कमाई ओतून तिथे घर घेणारी माणसे आजही हप्ते भरत असतील, तर ‘सगळी कागदपत्रे क्लिअर आहेत’ असे सांगून ती घरे विकणाऱ्यांनी निदान घेतलेली दलाली तरी का परत करू नये? कागदपत्रे तपासलीच नसतील, तर पैसे कशाचे घेतले?