जंग्या कुणावर रोखल्यात?

आज मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने न्यूयॉर्कमधल्या किंग्जब्रिज आर्मरीचा, म्हणजे जुन्या लष्करी शस्त्रागाराचा, फोटो टाकला. ‘ब्रॉन्क्समधला किल्ला, किती रोमँटिक!’ खाली दुसऱ्याचं लगेच, ‘इथे मॉल होणार होता, त्या लोकांनीच हाणून पाडला. त्यांना प्रगतीच नको.’

त्या लोकांनी! म्हणजे ब्रॉन्क्समध्ये राहणाऱ्यांनी. दुपारपासून डोकं भणभणतंय.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. वाईचे निवृत्त मास्तर, अर्धा सह्याद्री पायाखालून घातलेला. फोर नंबरच्या सबवे ट्रेनमधून उतरलो आणि समोर ते लाल विटांचं धूड. दोन गोल बुरूज, माथ्यावर चर्या, भिंतीत चिंचोळ्या खिडक्या, किल्ल्यातून बंदुका रोखायच्या जंग्यांसारख्या. बाबा मान वर करून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “या जंग्या कुणावर रोखल्यात गं?”

मी ठोकून दिलं, कोस्ट आर्टिलरीची पलटण होती, पहिल्या महायुद्धाच्या काळातली इमारत. “कोस्ट? मग समुद्र कुठाय? सिंधुदुर्ग पाहिलाय मी.”

मी हसले. पण बाबांचा प्रश्न बरोबर होता. १८७७ साली रेल्वे कामगारांनी पगारकपातीविरुद्ध संप केला, पिट्सबर्गमध्ये मिलिशियाने, म्हणजे राज्याच्या राखीव सैनिकांनी, जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. श्रीमंतांची झोप उडाली आणि मग शहराशहरांत हे गढीसारखे शस्त्रागार उभे राहू लागले. न्यूयॉर्कच्याच पार्क अव्हेन्यूवरची सेव्हन्थ रेजिमेंटची आर्मरी त्याच सुमाराची. तिला वँडरबिल्ट, अ‍ॅस्टर अशा घराण्यांनी पैसे दिले. आतल्या दालनांची सजावट टिफनी या नामांकित सजावटकाराची! शिबंदी राज्याची, खर्च शेठजींचा. जंग्या रोखल्या होत्या त्या खालच्या रस्त्यावरून मोर्चा घेऊन येणाऱ्यांवर.

बरं, मान्य. किंग्जब्रिज बांधेपर्यंत ती भीती ओसरली होती, बुरूज ही नुसती रीत उरली होती. आणि आतलं काम खरंच थक्क करणारं आहे. कवायतीचा हॉल एक लाख ऐंशी हजार चौरस फूट, वर पोलादी कैच्यांवर तोललेलं छत. बाबांनी तिथेच हिशोब केला, “चार एकर! आपलं शिवार बसलं की आत.” बंद फाटकाच्या फटीतून डोकावत होते, लहान मुलासारखे.

आता त्या मॉलचं. २००९ मध्ये लोकांनी मागितलं काय होतं? आतल्या दुकानांतल्या माणसाला तासाला किमान दहा डॉलर आणि वर आरोग्य विमा वगैरे. फक्त दहा डॉलर! बिल्डर तयार झाला नाही, सिटी कौन्सिलने प्रस्ताव फेटाळला. १८७७ मध्ये पगारावरून भांडण, २००९ मध्येही पगारावरून. आणि आपण, पगारवाढ मिळाली नाही की लिंक्डइन उघडणारे, त्यांना प्रगती शिकवणार?

हो, इमारत त्यानंतर वर्षानुवर्षं रिकामी राहिली. बर्फाच्या रिंकची योजनाही आली आणि बारगळली. शेजारपाजारच्या पोरांना त्यातून काही मिळालं नाही, हेही खरं. तिकडे मॅनहॅटनमध्ये १६८व्या रस्त्यावरच्या आर्मरीत, जिथे एकेकाळी शेकडो बेघर पुरुष ओळीने खाटा टाकून झोपायचे, तिथे आज शाळेची मुलं ट्रॅकवर धावतात. तसं इथेही व्हावं, इतकंच वाटतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला, ग्रुपवरचं सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “ते राहू दे. फाटक उघडलं का?”

नाही म्हटलं. अजून नाही.