हिंगाच्या डबीतली कार्डं

आमच्या घरात हिंगाच्या दोन डब्या आहेत. एक फोडणीच्या डब्याशेजारी असते, ती बायकोची. दुसरी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असते आणि तिच्यात सहा मेमरी कार्डं राहतात. डबी रिकामी झाली तेव्हा मी ती तीनदा साबणाने धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली, पण हिंग तो हिंग. त्यामुळे माझे फोटो कसेही आले तरी खमंग असतात, एवढं म्हणायची सोय झाली आहे.

डबी लागायचं कारण कार्डाचा आकार. ३२ बाय २४ मिलिमीटर, वजन जेमतेम दोन ग्रॅम. १९९९ साली सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासोनिक, या तिघांनी मिळून हे एसडी कार्ड काढलं. तीन मोठ्या कंपन्यांत एकाही माणसाला विसरभोळा नवरा कसा असतो हे ठाऊक नव्हतं. खिशात ठेवावं तर कार्ड रुमालाबरोबर बाहेर येतं. पाकिटात ठेवावं तर रसवंतीवाल्याला सुट्या पैशांबरोबर दिलं जातं. एक कार्ड शर्टासकट वॉशिंग मशीनमधून फिरून आलं आणि तरीही चाललं. शर्टाचा मात्र रंग गेला. कार्डाबरोबर मिळणारी ती पारदर्शक डबी? तिला दोन्ही अंगठे लावून जोर केला की कार्ड भाजलेल्या शेंगदाण्यासारखं टुणकन उडतं आणि नेमकं अशा सोफ्याखाली जातं, जो चार माणसांशिवाय हलत नाही.

रोलचे दिवस बरे होते. महाबळेश्वरला जाताना वडील ३६ फोटोंचा एक रोल घ्यायचे. हात राखून भरला तर सदतिसावा निघायचा, नशीब जोरावर असेल तर अडतिसावासुद्धा. मग रोल संपायचा आणि सगळे निवांत मक्याचं कणीस खायचे. आता ६४ जीबीच्या कार्डावर रॉ, म्हणजे जास्त जागा खाणारे कच्चे फोटो काढले तरी दोन हजारांच्या वर बसतात आणि तरीही मी घाबरलेलाच असतो.

या भीतीला एक लग्न कारणीभूत आहे.

कराडला बायकोच्या भाचीचं लग्न होतं. लग्नाला ठरवलेला फोटोग्राफर होताच, पण त्याचा अल्बम यायला नव्या जोडप्याची पहिली मंगळागौर उजाडते, हे वऱ्हाडाला पक्कं माहीत असतं. एरवी सासुरवाडीच्या कार्यात मला कोणी हिंग लावून विचारत नाही. पण जेवणं झाली आणि मी बॅगेतून कार्डातले फोटो फोनवर उतरवणारा कार्ड रीडर काढला, तसं माझ्याभोवती रिंगण झालं. "दाजी, आमचा फॅमिली फोटो तेवढा द्या." "काका, मला फक्त सप्तपदीचे." रीडर ही वस्तू नेलकटर आणि छत्रीच्या जातीची आहे. दोन मिनिटांसाठी म्हणून नेतात आणि पुढच्या लग्नात ती तिसऱ्याच माणसाच्या हातात दिसते. शिवाय प्रत्येकाच्या फोनचं भोक वेगळं. कोणाला जाड पिन, कोणाला टाइप सी, आणि एका मामांचा फोन तर बटणांचा. त्यांनाही सप्तपदी हवी होती.

त्या गर्दीत साडूंच्या बारावीतल्या मुलाने रीडर आपल्या फोनला लावला. फोन जुना. माझ्या कार्डाची बांधणी त्याला कळेना, म्हणून फोनने सभ्यपणे विचारलं की, हे वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? हल्लीची मुलं वाचून दाबत नाहीत, दाबून वाचतात.

"काका," तो कार्ड परत देत म्हणाला, "तुमच्या कार्डात काहीच नाहीये."

चारशेबारा फोटो होते. अक्षता होत्या, कानपिळी होती, विहिणींची पंगत होती. मी मांडवातल्या खुर्चीवर बसलो आणि कोणीतरी मला कोकम सरबत दिलं.

घरी आल्यावर कळलं की फॉरमॅट केलं म्हणजे सगळं गेलंच असं नसतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची लेबलं कोणी ओरबाडून काढली तर डाळ कुठली हे कळत नाही, पण डाळ डब्यात असतेच. नवं धान्य त्यावर ओतलं तरच घोटाळा. एक प्रोग्रॅम उतरवला. तो रात्रभर कार्ड चाळत बसला आणि सकाळी तीनशेच्या आसपास फोटो त्याने काढून दिले. काहींत नवरीचं मुंडावळ्यांपर्यंतचं डोकं आणि खाली राखाडी पट्टा. एकात वरून भटजी आणि खालून जिलबीचं ताट. पण आले.

संकट असं की ते सॉफ्टवेअर भलतंच प्रामाणिक निघालं. मी पूर्वी कधीतरी पुसलेले फोटोही त्याने उकरून काढले, आणि ते बायको शेजारी बसलेली असताना एकेक करून पडद्यावर येऊ लागले. त्यात एक बिल होतं. नवी लेन्स घेतली त्या दिवशी तिची धार तपासायला मी दुकानाच्या काउंटरवरच, समोर पडलेल्या बिलाचा फोटो काढला होता आणि संध्याकाळी आठवणीने पुसला होता. घरी सांगितलेला आकडा या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

बायकोने चष्मा लावून फोटो पाहिला. मोठा करून पाहिला.

"लेन्स चांगली आहे हो," ती म्हणाली. "पैसा न् पैसा दिसतोय."

तेव्हापासून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, बॅगेत दोन रीडर ठेवायचे, म्हणजे एक गेला तरी एक राहील. दुसरी, कुठलंही कार्ड कधीही फॉरमॅट करायचं नाही. भरलं की डबीत टाकायचं आणि नवं आणायचं. हा दुसरा ठराव किती मूर्खपणाचा होता, हे मला भिगवणला कळलं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की उजनी धरणाचं मागचं पाणी लागतं. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात. पहाटे चारला निघालो. बायको सोबत होती. त्या बिलापासून ती माझ्या छंदात लक्ष घालू लागली आहे. कुंभारगावच्या काठावरून होडी निघाली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. शेजारच्या होडीतले लोक कुरवांना शेव फेकत होते (पाखरांना फरसाण चारणाऱ्यांना मी एरवी चार शब्द सुनावतो, पण त्या दिवशी घाई होती). नावाड्याने इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने होडी हळूच पुढे ढकलली.

"सर, डाव्या हाताला. आवाज करू नका."

शे-दीडशे रोहित उथळ पाण्यात उभे होते. डोकं उलटं घालून, चोच चाळणीसारखी चिखलातून फिरवत, पायाने गाळ ढवळत. सूर्य नुकताच वर आला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. वीसेक फोटो निघाले आणि पडद्यावर अक्षरं आली : कार्ड फुल.

मी हसलो. अशाच वेळेसाठी तर डबी आणली होती. झाकण उघडलं आणि होडीभर हिंग दरवळला. नावाड्याने एकदा मागे वळून पाहिलं.

पहिलं कार्ड घातलं. कॅमेरा म्हणाला, लॉक आहे. या कार्डाच्या डाव्या कडेला तांदळाएवढी एक पट्टी असते. ती खाली सरकली की कॅमेरा त्यावर काही लिहीत नाही. बोटांत हातमोजे. दातांनी पट्टी वर सरकवली. कार्ड भरलेलं. दुसऱ्याची ती पट्टीच तुटलेली होती आणि त्या खाचेवर मी सेलोटेप चिकटवली होती, हा जालीम उपाय आहे आणि चालतो. तेही भरलेलं : सोसायटीचा गणपती. तिसऱ्यात शाळेचं गॅदरिंग. चौथ्यावर मार्करने 'रिकामं' असं लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा ते होतंही. पाचवं, सहावं... एव्हाना रोहित माना वर करून चालू लागले होते. सगळे एकाच दिशेने. म्हणजे आता उडणार.

"पुसा ना एखादे," बायको कुजबुजली.

मी कॅमेऱ्यात मागे मागे जात राहिलो. काय पुसणार? सगळीच माणसं ओळखीची.

"हा पंखा कोणाचा?"

"आपलाच. हॉलमधला."

"एकवीस फोटो?"

"फोकस तपासत होतो."

"पुसा."

प्रत्येक पंख्याला कॅमेरा विचारत होता, नक्की? मी प्रत्येकाला नक्की म्हणालो. एकविसावा पंखा गेला आणि त्याच क्षणी समोरचा अख्खा थवा पाण्यावरून धावत सुटला. रोहित जागच्या जागी उडत नाही. आधी पाण्यावर धावतो, मग पंख उघडतो, आणि आतला लालभडक रंग आणि काळी किनार एकदम दिसते. मी बटण दाबून धरलं. एकवीस पंखे म्हणजे सेकंदाला आठच्या वेगाने किती, हे गणित नंतर केलं. अडीच सेकंद. त्या अडीच सेकंदांत होडी हलली, आणि माझ्याकडे आता शेजारच्या होडीतल्या टोपीवाल्या गृहस्थांचे एकवीस उत्तम फोटो आहेत.

त्या गृहस्थांकडे हातभर लांब लेन्स होती आणि चेहरा पडलेला होता. "साहेब," त्यांनी हाक मारली, "एखादं कार्ड मिळेल का? माझं एरर दाखवतंय."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कार्डांविषयी विचारत होतं.

"आहेत ना. सात आहेत."

त्यांचा चेहरा उजळला.

"पण सगळी भरलेली. रीडर देऊ का? दोन आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नाक वर करून त्यांनी हवेत वास घेतला. तेवढ्यात बायकोने पर्स उघडली. सेफ्टी पिनांची डबी बाजूला केली आणि खालून एक कोरं कार्ड काढलं, पाकीटही न फोडलेलं. मी हात पुढे केला. तिने तो ओलांडून पाकीट शेजारच्या होडीत दिलं.

"घ्या भाऊ. यांच्याकडे गेलं की भरून ठेवतात."

त्यांनी दोन-तीनदा आभार मानले आणि पाकीट काढलं. "वहिनी, कितीला घेतलंत?"

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"थांबा," ती पर्समध्ये हात घालत म्हणाली, "बिल आहे माझ्याकडे."