कँटोनीज भाषेत समंजसपणाला शब्द नाही?

हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगडोंग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कँटोनीजविषयी एक विधान वरचेवर पुढे पाठवले जाते. चांगल्या वागणुकीसाठी या भाषेत ‘ग्वाय’ हा एकच शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ आज्ञाधारक, समंजसपणासाठी वेगळा शब्दच नाही आणि जे काही आहे ते मँडरिनचे, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेचेच, फक्त उच्चार निराळा, असे त्यात म्हटलेले असते.

आज्ञाधारकपणासाठी ‘थेंग-वा’ हा स्वतंत्र शब्द आहे. शब्दशः, बोललेले ऐकणे. मराठी आईही ‘हा ऐकतच नाही’ म्हणते, त्यावरून कोणी आपल्याला गुलाम वृत्तीचे ठरवत नाही. ‘ग्वाय’मध्ये लाड अधिक आहे: सुई टोचताना रडू आवरणाऱ्या पोराला कुरवाळत हाच शब्द म्हटला जातो. मूळ अर्थाचे म्हणाल, तर जुन्या चिनी लेखनात हे अक्षर विपरीत, न जुळणारे अशा जवळजवळ उलट अर्थाने येते.

समंजसपणाला शब्द नाही, हे तर साफ चूक. ‘सांग-सिंग’ हा त्यासाठीचा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आईला कामावरून यायला उशीर होणार हे ओळखून, कोणी न सांगता तांदूळ धुऊन भात लावणारी आणि धाकट्या भावाला अभ्यासाला बसवणारी मुलगी ‘सांग-सिंग’ ठरते. इथे कोणाचीही आज्ञा नसते. घरच्यांचे कष्ट स्वतःहून ओळखणे, हाच या शब्दाचा गाभा आहे. पंचविशीतला उनाड मुलगा नोकरीला लागून घरी पैसे देऊ लागला, की ‘आता कुठे सांग-सिंग झाला’ असे त्याच्याविषयीही म्हणतात.

मँडरिनचा मुद्दा याच शब्दावर अडतो. तीच दोन अक्षरे मँडरिनमध्ये उपजत स्वभाव या अर्थाने वापरतात आणि समंजस मुलासाठी तिथे ‘तोंग-शर्’ म्हणतात. उच्चार बदलून अर्थ जुळत नाही.

विधानात तथ्य आहे ते एवढेच, की ही स्तुती बहुधा थोरांकडून धाकट्यांकडे वाहते. वडीलधाऱ्यांशी बरोबरीने बोलणाऱ्याला ‘मोउ-ताय मोउ-साय’, म्हणजे लहान-मोठे न कळणारा, असे सुनावले जाते आणि त्यातला वयाचा धाक अगदी खरा असतो.