लांडग्यात देवमासा

"नुसतं लांडगा चालत नाही हो आता. त्यात व्हेल घाला. हायब्रीड करा."

आमटीत थोडा गूळ घाला म्हणावं, इतक्या सहज गाइड हे म्हणाले. मी "आयतु सर" म्हणालो आणि बाहेर आलो. बेळगावात शरणागती पत्करायला कानडीच बरी पडते.

एक्केचाळिसाव्या वर्षी पीएचडी करायची वेळ नोकरीमुळे आली, हौसेनं नव्हे. घरी आल्यावर आईला सांगितलं, आता हायब्रीड करायचंय. ती म्हणाली, "जोंधळा? नको रे बाळ. हायब्रीडच्या भाकरीला चव न्हाई. शाळूच घे." माझ्या विषयावर आजवर आलेला हा सगळ्यात थेट अभिप्राय.

विषय तसा साधा आहे. स्तनातली गाठ साधी की कर्करोगाची, हे ओळखायचा विस्कॉन्सिनचा एक डेटा आहे. ५६९ नमुने, प्रत्येकाची ३० मोजमापं. त्यातली कामाची कुठली आणि उगाच गर्दी करणारी कुठली, एवढंच शोधायचं. पण प्रत्येक मोजमाप घ्यायचं की टाकायचं, असे दोन-दोन पर्याय धरले की जोड्या होतात १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. माझ्या लॅपटॉपला एक जोडी तपासायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे सगळ्या तपासायला जवळजवळ सात वर्षं. तोवर गाइड रिटायर होतील.

म्हणून मग जनावरं सोडायची, म्हणजे त्यांच्या वागण्यावर बेतलेल्या शोधाच्या पद्धती. मुंग्या झाल्या, पक्ष्यांचे थवे झाले, कोकिळा झाली, काजवे झाले. २०१४ साली मिर्जलिली नावाच्या संशोधकानं आणि मंडळींनी करडे लांडगे आणले. त्यांची रचना आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखी. अल्फा अध्यक्ष, बीटा उपाध्यक्ष, डेल्टा खजिनदार, बाकीचे ओमेगा म्हणजे मांडवाला खांब पुरणारे. पुढचे तिघं दाखवतील त्या जागांची सरासरी काढून बाकीच्यांनी सरकायचं. (तिघांची सरासरी निघते, इथंच हे मंडळ खरं नसल्याचं कळतं.) सुरुवातीला लांब लांब हिंडतात, मग हळूहळू घेरा आवळतात. खोड एकच, कधी कधी पहिल्याच बऱ्यापैकी जागी बसकण मारतात. कुंदा आणायला निघालेल्या माणसानं कोपऱ्यावरच्या पहिल्याच दुकानात शिरावं तसं. तिथून त्यांना उठवायला २०१६ चा देवमासा. तो बुडबुड्यांचं जाळं विणत भक्ष्याभोवती गोल गोल फिरतो. तर कधी लांडग्याच्या चालीनं जायचं, कधी माशाच्या गिरक्या घ्यायच्या, हे माझं संशोधन. समुद्र बघायला आम्हाला चोर्ला घाट उतरून गोव्यात जावं लागतं, पण ते असो.

तीस लांडगे, शंभर फेऱ्या, म्हणजे तीन हजार तपासण्या. नशिबाचा भाग निघून जावा म्हणून हे सगळं तीस वेळा. नव्वद हजार. नुसत्या लांडग्याला पाच तास पुरायचे, मासा आल्यावर दहा. रात्री आठला रन लावला आणि झोपलो.

पहाटे साडेपाचला फॅन थांबला म्हणून जाग आली. लाईट गेली होती. लॅपटॉपची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच वारली आहे. हिशेबानं तेव्हा एकोणतिसावा रन चालू असणार, आणि सगळे निकाल एकदम शेवटी छापायचे असं मीच, स्वतःच्या हातानं, लिहून ठेवलं होतं. तीस लांडगे आणि एक देवमासा अंधारात विरघळून गेले.

दुसऱ्या रात्री जमलं. सकाळी गच्चीवर गेलो तर आई संकेश्वरी मिरच्यांची देठं खुडत बसलेली. एकेक मिरची उचलायची, उन्हाला धरायची, पांढरी पडलेली बाजूला टाकायची. प्रत्येकीला जेमतेम एक सेकंद.

"कितीतली किती काढलं तुझ्या लांडग्यांनी?"

"तिसातली नऊ."

"आणि तीसच्या तीस घेतली असती तर?"

"अचूकता अर्धा टक्का कमी."

"अर्ध्या टक्क्यासाठी दोन रात्री लाईट जाळलास?"

हाच प्रश्न एका परीक्षकानं मला इंग्रजीत, फार सभ्य शब्दांत विचारला होता. मी म्हटलं, "५६९ मधला अर्धा टक्का म्हणजे तीन बायका, आई."

तिचा हात थांबला. "तीन बायका म्हणजे कमी न्हाईत रे."

मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. कारण रन बदलला की त्या तिघी कधी इकडच्या रांगेत असतात, कधी तिकडच्या. सरासरीत अर्धा टक्का दिसतो, पण तो लांडग्यांचा की फाशांचा, हे मलाही छातीठोक सांगता येत नाही. तेवढं मी आईला सांगितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गाइड. "रिझल्ट ओके हो. पण वटवाघूळ घालून बघितलात काय? बॅट अल्गोरिदम. दोन हजार दहाचं आहे, चांगलं आहे."

"वटवाघूळ?" आई म्हणाली. "ते आपल्या खानापुराकडंच की. तळेवाडीच्या गुहेत."

खरंच आहे. बारापेडे गुहेतलं ते दुर्मीळ वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. माशापेक्षा हे जवळचं. खाली आलो, लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा प्रत्येक रनचा निकाल फाइलमध्ये लिहायची ओळ घातली, मग वटवाघूळ.